गिअर अप: तयारी चालू आहे, की झाली?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, त्याच्या ऑफिसात मी पत्रव्यवहार बघतो. पत्रव्यवहार म्हणजे आता ईमेल आणि व्हॉट्सॲप. मी मराठी माध्यमाचा. दहावीपर्यंत इंग्रजी म्हणजे निबंध पाठ करून पास व्हायची गोष्ट. परदेशातल्या गिऱ्हाइकाला रोज चार ओळी लिहायची वेळ आली तेव्हा कळलं, की पाठ केलेली भारदस्त क्रियापदं तशीच कपाटात राहतात. रोजच्याला लागतात ती छोटी जोडक्रियापदं. पुढे गेट, सेट, टेक, पुट, आणि मागे शेपटासारखं अप, ऑफ, आउट. शेपूट बदललं की जनावरच बदलतं, हीच पंचाईत.

आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन नवी पोरं-पोरी कामाला लागतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड. सोलापूरच ते. इंग्रजीपाशी आलो की सगळे एकाच रांगेत उभे. त्यांना मी सगळ्यांत आधी 'गिअर अप' शिकवतो. एक तर आमचा अर्धा पत्रव्यवहार तयारीवरच चालतो: सूत आलं का, रंग झाला का, माल कधी निघणार. आणि दुसरं म्हणजे याच शब्दाने मला एकदा सणसणीत तोंडघशी पाडलंय. ते चौथ्या पायरीवर सांगतो. आधीच्या तीन पायऱ्या चढून या, म्हणजे हसताना कळेल तरी की का हसतोय.

पहिली पायरी: गाडीचा गिअर थोडा वेळ विसरा

नव्या माणसाला 'गिअर अप' म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर मोटरसायकल येते. गेर टाकला, गाडी पळाली. चित्र अगदीच वाईट नाही, पण त्यात एक खोट आहे. गाडीचा गिअर वाढवतो तेव्हा गाडी आधीच रस्त्याला लागलेली असते. 'गिअर अप' हा शब्द मात्र गाडी निघायच्या आधीचा आहे. हवा बघणं, तेल बघणं, डिकीत रेनकोट टाकणं, हा त्याचा प्रांत. आणि खरोखर गाडीचा गिअर वाढवायचा असेल तर इंग्रजी माणूस 'शिफ्ट अप' किंवा 'चेंज अप' म्हणतो.

'गिअर'चा जुना अर्थ सरंजाम. अंगावर चढवायचे कपडे, लढाईला निघालेल्याची शस्त्रं, घोड्याचा साज, कामाची अवजारं, हे सगळं गिअर. शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत सांगतात आणि तिथेही अर्थ पोशाख-सामग्री असाच आहे. दातेरी चाकांना गिअर म्हणायला लागले ते नंतर. जुना अर्थ मेलेला नाही. पावसाळी कपड्यांना 'रेन गिअर' म्हणतात, मोटरसायकलवाल्यांच्या हेल्मेट-जाकीट-हातमोज्यांना 'रायडिंग गिअर' म्हणतात. म्हणजे 'गिअर अप' करणं म्हणजे मुळात साज चढवणं.

हे कळल्यावर मला हा शब्द एकदम घरचा वाटायला लागला. कारण आपणही तयारीबद्दल बोलताना कपड्यांबद्दलच बोलतो. कंबर कसली. पदर खोचला. बाह्या सरसावल्या. बैलगाडीवरून आलेलं 'जुंपणं'ही त्याच गोतावळ्यातलं, आणि तिथे घोड्याच्या साजाऐवजी बैलाचं जू आहे एवढाच फरक. त्यामुळे नव्या पोरांना मी 'गिअर अप'चा अर्थ 'तयारी करणे' असा सांगत नाही. मी सांगतो: कंबर कसून तयारीला लागणे. यातलं 'लागणे' सोडू नका. पुढे तेच कामाला येणार आहे.

दुसरी पायरी: तोंडाला वळण

इथे फार वेळ नको. 'गिअर'मधला र आणि 'अप'मधला अ एकमेकांना चिकटतात, म्हणून ऐकू येतं ते 'गिअ-रप'. 'गिअर्ड अप' असेल तर ड पुढे सरकतो: 'गिअर-डप'. जोर 'अप'वर द्या. आपण सगळा जोर 'गिअर'वर देतो आणि 'अप' गिळून टाकतो. मग फोनवरच्या माणसाला फक्त 'गिअर' ऐकू येतं आणि तो म्हणतो, पार्डन? दहा वेळा मोठ्याने म्हणा, घरच्यांनी विचित्र बघितलं तरी चालेल.

तिसरी पायरी: मागे फॉर, नाहीतर टु

'गिअर अप'च्या मागे बहुतेक वेळा दोनांपैकी एक शब्द येतो. कशासाठी तयारी, ते नाम असेल तर 'फॉर'. काय करायची तयारी, ते क्रियापद असेल तर 'टु'.

द टेलर्स आर गिअरिंग अप फॉर जून. शिंपी जूनच्या तयारीला लागलेत. आपल्या गावात हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळा जूनला उघडतात, आणि गणवेश शिवणाऱ्यांची यंत्रं उन्हाळाभर बंद होत नाहीत.

वी आर गिअरिंग अप टु शिप इन मे. मे महिन्यात माल पाठवायच्या तयारीला लागलोय.

चूक कुठे होते? 'टु'च्या मागे 'शिपिंग' लावतात. 'गिअरिंग अप टु शिपिंग' असं होत नाही. आयएनजीवालं रूप वापरायचंच असेल तर 'फॉर' घ्या. आणि दुसरी चूक मराठीतून येते. आपण 'परीक्षेची तयारी' म्हणतो, म्हणून पोरं 'गिअर अप ऑफ एक्झाम' लिहितात. ही 'ची' तिथे चालत नाही. 'फॉर' म्हणजे फॉर.

कधी कधी आपण दुसऱ्याला तयार करतो. तेव्हा तो दुसरा मधे बसतो: गिअर द टीम अप. 'गिअर अप द टीम' म्हटलं तरी चालतं. पण 'त्यांना', 'तिला' असं सर्वनाम असेल तर त्याला मधेच बसवायचं: गिअर देम अप. 'गिअर अप देम' नाही. स्वतःच्या मनाची तयारी करायची असेल तर 'गिअर युवरसेल्फ अप'. भाषणाला उभं राहण्याआधी, पगारवाढ मागायला मालकाच्या केबिनमध्ये शिरण्याआधी माणूस जे करतो ते.

चौथी पायरी: चालू आहे, की झालं?

आता माझी गोष्ट.

टॉवेलचं विणकाम लांबून साधं वाटतं. जवळून बघितलं तर एका टॉवेलला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच लागतात. एक खालच्या पक्क्या कापडाचा, आणि दुसरा वर जे मऊ फुगीर वेटोळे दिसतात त्यांचा. त्यामुळे मागावर दोन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ चढतात. पहिला ताठ ओढलेला, दुसरा जरा सैल, कारण सैल सोडल्याशिवाय वेटोळा फुगत नाही. नवीन डिझाइन घ्यायचं तर दोन्ही बीम तयार पाहिजेत, आणि प्रत्येकावरचा एकेक धागा आपापल्या जागेतून ओवून फणीच्या फटींतून पुढे आला पाहिजे. माणूस मान खाली घालून बसतो, बोटांत धागा, शेजारी दिवा, आणि दुपारपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. हिशेब चुकला की कापडावर उभी रेघ येते आणि ती शेवटपर्यंत जात नाही.

तर अशा एका नव्या डिझाइनची ऑर्डर होती. तिकडून गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही तयार आहात का? मी खाली जाऊन बघितलं. पहिला बीम चढला होता, सूत गोदामात होतं, माणसं कामाला लागली होती. सगळीकडे धावपळ. मी वर आलो आणि मोठ्या ऐटीत लिहिलं: वी आर ऑल गिअर्ड अप फॉर युवर ऑर्डर. हे वाक्य मी इंग्रजी पेपरात खेळाच्या पानावर वाचलं होतं आणि कधीतरी वापरायचं म्हणून जपून ठेवलं होतं.

तिकडच्या माणसाने त्याचा जो अर्थ होतो तोच घेतला. तयारी पूर्ण, काम सुरू, माल दिसायला लागला असेल. त्याने माल तपासणारा माणूस ठरवून टाकला. चौथ्या दिवशी तो सकाळच्या गाडीने पुण्याहून आला आणि थेट मागापाशी जाऊन उभा राहिला. मागावर एकच बीम. दुसरा अजून खाली जमिनीवर. टॉवेल म्हणावा असा हातभर तुकडाही नाही.

मालकांनी मला बोलावलं. "काय लिहून ठेवलंय हे?" मी मेल वाचून दाखवला. शेजारी आमचे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे अण्णा उभे होते. शाळा त्यांची सातवीपर्यंत, पण मागाचं आजारपण नुसत्या आवाजावरून ओळखतात. मी त्यांना मराठीत अर्थ सांगितला तसे ते म्हणाले, "अहो, मग तयारी चालू आहे लिहायचं होतं की ओ. झाली कशाला लिहिलात?"

एका वाक्यात सगळं व्याकरण सांगून टाकलं त्यांनी.

गिअरिंग अप म्हणजे तयारी चालू आहे. गिअर्ड अप म्हणजे तयारी झाली, आता फक्त शिट्टी वाजायची बाकी. 'ऑल गिअर्ड अप' म्हणजे तर पुरती झाली, काही म्हणजे काही बाकी नाही. मी दोन अक्षरांनी चुकलो आणि तपासणीची फी दोनदा भरावी लागली. तपासनीस माणूस मात्र सज्जन होता. कँटीनमध्ये कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, चटणीचा पुडा बांधून घेतला आणि दुपारच्या गाडीने परत गेला. पुढच्या खेपेला आला तेव्हा टॉवेलांआधी चटणीची चौकशी केली.

आपण इथे का चुकतो, यावर मी बराच विचार केलाय. आपल्या बोलण्यात 'तयार' हा शब्द फार उदार आहे. 'तयार आहात का?' असं विचारलं तर आंघोळीला निघालेला माणूसही 'हो, तयारच आहे' म्हणतो. रिक्षावाला 'निघालोच' म्हणतो तेव्हा तो चहा पीत असतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. पण जो आपल्यात वाढलेला नाही तो शब्द जसा आहे तसा घेतो. म्हणून काळ सांभाळा:

वी विल गिअर अप आफ्टर दिवाळी. अजून हात लावलेला नाही, दिवाळीनंतर लागू.

वी आर गिअरिंग अप. लागलोय.

वी हॅव बीन गिअरिंग अप सिन्स दिवाळी. दिवाळीपासून लागलोय आणि अजून चालूच आहे.

वी आर गिअर्ड अप. झालं, या बघायला.

यातलं तिसरं वाक्य मला स्वतःला सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. किती दिवस चाललंय हेही कळतं आणि संपलेलं नाही हेही. उशीर झालेल्या ऑर्डरीला ते लिहिता येतं, आणि समोरच्याला आपण हातावर हात ठेवून बसलेलो नाही हे दिसतं.

पाचवी पायरी: कामाचं वजन बघा

'गिअर अप' छोट्या कामाला शोभत नाही. चहा करायला कुणी कंबर कसत नाही. 'आय ॲम गिअरिंग अप टु मेक टी' हे वाक्य व्याकरणात बसतं, पण ऐकणारा हसतो, कारण त्याला पदर खोचून, बाह्या सरसावून चहाच्या भांड्यावर चाल करून जाणारा माणूस दिसतो. मुद्दाम विनोद करायचा असेल तर जरूर वापरा. आमच्या ऑफिसात एक पोरगी सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना 'गिअरिंग अप' म्हणते, ते बरोबर आहे.

हा शब्द कुठे खुलतो सांगू? गड्ड्याला. गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, जानेवारीत, संक्रांतीच्या सुमारास. पण सात नंदीध्वजांची काठी पेलायची ती काय त्या दिवशी उठून पेलता येते? उंच काठी, वर साज, ती उभीच्या उभी तोलत गावातून न्यायची आणि अडुसष्ट लिंगांचा फेरा करायचा. त्याचा सराव कितीतरी दिवस आधी सुरू होतो. संध्याकाळी पोरं जमतात, जुनी माणसं बाजूला उभी राहून कमरेत वाकू नको, नजर वर ठेव, असं ओरडत असतात. घराघरांत पांढऱ्या बाराबंद्या निघतात, कुणाची आखूड झालेली असते, कुणाची दंडात बसत नाही. तिकडे होम मैदानावर पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहायला लागतात. अक्षता सोहळ्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी गाद्या उन्हात पडतात. एवढं सगळं एकाच वेळी, अनेक हातांनी, एका दिवसाकडे तोंड करून चाललेलं असतं. याला इंग्रजीत तंतोतंत शब्द आहे: सोलापूर इज गिअरिंग अप फॉर द गड्डा.

यात तीन गोष्टी दिसल्या असतील. काम मोठं आहे. तयारीला वेळ लागतो. आणि समोर ठरलेला दिवस आहे. तिन्ही असतील तर 'गिअर अप' डोळे झाकून वापरा. दोन असतील तरी चालून जातं. परीक्षा, लग्न, निवडणूक, नवं दुकान, पंढरपूरची आषाढी. आषाढीला तर आपल्या जिल्ह्यात एसटीपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळंच गिअर अप होत असतं. एकच असेल तर साधं 'गेट रेडी' म्हणा आणि मोकळे व्हा.

पेपरवाल्यांचा हा अतिशय लाडका शब्द, हेही सांगून ठेवतो. मथळ्यात तो आखूड होऊन येतो: सिटी गिअर्स अप फॉर फेस्टिव्हल. वर्तमानकाळ साधा दिसला तरी अर्थ 'तयारीला लागलंय' असाच घ्यायचा, मथळ्यांची ती रीतच आहे. पण मथळ्यातलं वाक्य उचलून आपल्या मेलमध्ये तसंच चिकटवू नका. मी चिकटवलं होतं.

सहावी पायरी: शेजारपाजार

तयारीच्या गल्लीत आणखी बरीच बिऱ्हाडं आहेत आणि नवा माणूस कायम चुकीची कडी वाजवतो.

'सेट अप' यंत्राला, टेबलाला, दुकानाला. माग सेट अप करतात, माणसं गिअर अप होतात. 'वॉर्म अप' शेवटच्या दहा मिनिटांचं, मैदानावरचं किंवा गळ्याचं. 'ब्रश अप' आधी येत असलेल्या पण गंज चढलेल्या विद्येला. शाळेतलं इंग्रजी पुन्हा घासूनपुसून घ्यायचं तर 'ब्रश अप माय इंग्लिश'. जे कधी आलंच नाही ते ब्रश अप करता येत नाही, कितीही घासा.

'ब्रेस' मात्र नीट समजून घ्या, कारण हा 'गिअर अप'चा उलटा भाऊ. दोघेही पुढच्या गोष्टीकडे बघतात, पण 'गिअर अप' उत्साहाने आणि 'ब्रेस' दात-ओठ आवळून. आंब्यांसाठी व्यापारी गिअर अप करतात. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हासाठी, पारा चाळिशीपार जातो तेव्हा, आपण ब्रेस करतो: वी आर ब्रेसिंग फॉर द हीट. पाणी दोन-चार दिवसांआड येणार असं कळलं की घरातली सगळी पिंपं, घागरी, कळशा बाहेर निघतात. त्याला कुठला शब्द? मी दोन्ही ऐकलेत. माझ्या मते संकट म्हणून बघणारा ब्रेस म्हणेल, आणि पाणी यायच्या तासभर आधी मोटर, पाइप, भांडी ओळीने मांडून बसणारी माझी आई गिअर अप.

आणि 'प्रिपेअर'? ते सगळीकडे चालतं. बँकेला, सरकारी कचेरीला, वकिलाला लिहिताना तेच वापरा. 'गिअर अप'मध्ये थोडा घाम आणि थोडा दंगा आहे, अर्जात तो बरा दिसत नाही. मुलाखतीतही 'आय ॲम गिअर्ड अप' म्हणण्यापेक्षा 'आय हॅव प्रिपेअर्ड' म्हणा. नाहीतर समोरच्याला वाटतं, पोरगं कुस्तीला आलंय.

सातवी पायरी: दिसायला जुळे, वागायला वेगळे

दोन फसवे शब्द सांगतो. 'गिअर्ड टुवर्ड्स' किंवा 'गिअर्ड टु', मधे 'अप' नाही. अर्थ: अमक्यासाठी बेतलेलं. धिस कोर्स इज गिअर्ड टुवर्ड्स बिगिनर्स, म्हणजे हा कोर्स नवशिक्यांसाठी बेतलाय. इथे कुणी कंबर कसत नाही. चुकून 'गिअर्ड अप' लिहिलंत तर अभ्यासक्रमच बाह्या सरसावून उभा आहे असं होईल.

दुसरा जरा महाग पडू शकतो. ब्रिटिश हिशेबाच्या भाषेत 'गिअरिंग' म्हणजे धंद्यात स्वतःच्या भांडवलाच्या मानाने कर्ज किती, ते माप. 'हायली गिअर्ड कंपनी' म्हणजे कर्जाने वाकलेली कंपनी. आमच्याकडच्या एका नव्या पोराने लंडनच्या गिऱ्हाइकाला जाणाऱ्या मेलमध्ये उत्साहाने लिहिलं होतं: वी आर हायली गिअर्ड. त्याला म्हणायचं होतं, आम्ही जय्यत तयारीत आहोत. पाठवायच्या आधी माझ्या नजरेला पडलं म्हणून वाचलो. नाहीतर पुढच्या निरोपात आगाऊ रक्कम द्यायला त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते. मालकांना हे अजून सांगितलेलं नाही.

आठवी पायरी: आता तुमचा हात

वाचून काही येत नाही, लिहून येतं. आज रात्री एक वही घ्या आणि तुमच्या घरात, गल्लीत, कामावर कशाकशाची तयारी चाललीय ते पाच मराठी वाक्यांत लिहा. मग प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा. चालू आहे की झाली? पुढे नाम आहे की क्रियापद? काम कंबर कसण्याइतकं मोठं आहे का? उत्तरं मिळाली की इंग्रजी वाक्य आपोआप बसतं.

नमुन्याला दोन घेऊ. ताईचं लग्न मेमध्ये आहे, घरात तयारी चालू आहे. काम मोठं, चालू, पुढे नाम. म्हणून: वी आर गिअरिंग अप फॉर माय सिस्टर्स वेडिंग. दुसरं: काकांनी नवीन हॉटेल उघडायची सगळी तयारी केलीय, उद्या उद्घाटन. काम मोठं, झालं, पुढे क्रियापद. म्हणून: माय अंकल इज ऑल गिअर्ड अप टु ओपन हिज हॉटेल टुमॉरो. इथे 'ऑल' शोभतं, कारण भट्टी पेटलेली आहे आणि पाटी लागलेली आहे.

आणि आम्ही ऑफिसात आता मेल कसा लिहितो तेही दाखवतो, उपयोगी पडेल:

'डिअर सर, द यार्न हॅज अराइव्ह्ड. टू लूम्स आर रनिंग ऑन युवर डिझाइन. वी आर गिअरिंग अप टु रन फोर मोअर फ्रॉम मंडे. वी विल राइट अगेन व्हेन वी आर रेडी फॉर इन्स्पेक्शन.'

बघा, जे झालं ते झालं म्हणून लिहिलंय, चालू आहे ते चालू म्हणून, आणि शेवटच्या ओळीत साधं 'रेडी' ठेवलंय. तपासणीच्या बाबतीत मी आता 'गिअर्ड अप'च्या वाटेला जात नाही.

हा मेल लिहून झाला की नव्या पोरीला मी खाली पाठवतो. मागांच्या खडखडाटात ती अण्णांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारते, सोमवार लिहू का? परवा ते धागा दातांत धरूनच बोलले, "मंगळवार लिही."